रंगून ते देहूरोड : एका प्रवासाची तयारी



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि संपादक मंडळाने आम्हाला इतिहासावर काहीतरी लिहा असा आग्रह केला. आम्ही कागदाच्या मिलमध्ये तिन्ही पाळ्या करणारी माणसं. शिक्षण रात्रशाळेत दहावीपर्यंत. पुढचं जे काही वाचन झालं ते ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला नागपूरला घेतलेल्या पुस्तकांतून, तेही पाळी सुटल्यावर. तेव्हा विद्वत्तेचा आव आणत नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय सुचला तो आपल्या सहलीवरून. वस्तीतल्या बहुतेक घरांना हे ठाऊक आहे, पण नवीन राहायला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१९ च्या वर्षावासात विहारात बसल्या बसल्या ठरलं की आपण सर्वांनी एकदा ब्रह्मदेशाला जायचं. रंगून पाहायचं. भिशी सुरू झाली, वही घातली, बावीस नावं लागली. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. कोरोनात बावीसपैकी दोघे आपल्याला सोडून गेले. त्यातून सावरतो तोच १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या लष्कराने सत्ता हाती घेतली आणि त्या देशात यादवी पेटली. वही कपाटात गेली.

गेल्या वर्षी ती वही पुन्हा बाहेर निघाली. एका टूरवाल्याने सांगितलं, ब्रह्मदेश विसरा, थायलंडला चला. बँकॉक, पटाया, पाच रात्री, त्यात अर्धा दिवस बुद्धदर्शन. तरुण पोरं खूश झाली. म्हातारी माणसं गप्प बसली. त्या बैठकीत आमच्या वस्तीतल्या ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी एकच प्रश्न विचारला, "आरं, पण बाबासायेब रंगूनला कशापायी गेलते?" बैठकीत पदवीधर होते, आयटीआय झालेले होते, एक वकीलसुद्धा होते. कोणालाच धड उत्तर देता आलं नाही. आम्हालाही नाही. बाबासाहेबांच्या पाऊलखुणा पाहायला निघालेली माणसं आम्ही, आणि ते पाऊल कशासाठी पडलं हेच आम्हाला माहीत नव्हतं! त्या दिवशी मान खाली गेली. मग पुस्तकं काढून बसलो. जे सापडलं ते इथं मांडतो.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही

पहिली गोष्ट अशी की, ब्रह्मदेश आपल्या लोकांना वाटतो तेवढा लांबचा नाही. १ एप्रिल १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. ४ जानेवारी १९४८ रोजी तो स्वतंत्र झाला. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा त्यांना १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं होतं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण त्याच मंडालेचा राजा थिबा हा त्याच काळात आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य खालसा केलं. रत्नागिरीत त्याचा राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो तिथंच वारला. म्हणजे इथला पुढारी तिथं कैदेत आणि तिथला बौद्ध राजा इथं कैदेत. मालक एकच, इंग्रज सरकार.

थिबाचे वडील राजा मिंडन यांनी १८७१ साली मंडालेला पाचवी धम्मसंगीती भरवली. त्यांनी संपूर्ण त्रिपिटक संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं, एकूण ७२९ शिळा. ज्या देशात भगवान बुद्धांचा धम्म जन्माला आला तिथून तो नामशेष झाला, आणि शेजाऱ्याने तो दगडावर कोरून जपून ठेवला. आपलं हे जुनं घेणं त्या देशाकडे होतं असं म्हटलं तरी चालेल. ते घेणं आणायला कोणीतरी जायला हवं होतं.

बाबासाहेबांची तयारी

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी घाई केली नाही. आपल्याकडे घर बदलायचं तरी माणूस शेजार कसा आहे, पाणी येतं का, हे बघून येतो. बाबासाहेब तर कोट्यवधी लोकांचं घर बदलत होते. म्हणून मे १९५० मध्ये ते श्रीलंकेला गेले. तिथं त्या वेळी जागतिक बौद्ध परिषदेची स्थापना होत होती. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्ष कसा पाळतात, विधी कसे करतात, भिक्खू आणि गृहस्थ यांचं नातं कसं असतं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

मग आलं १९५४ साल. हे साल वाचताना आम्हाला दर वेळी गहिवरून येतं. मे महिन्यात भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांना लोकसभेत निवडून येता आलं नाही, आणि तेही दुसऱ्यांदा. १९५२ साली मुंबईतही तसंच झालं होतं. मधुमेह होता, पाय दुखत होते. दुसरा कोणी असता तर अंथरूण धरलं असतं. बाबासाहेब त्याच महिन्यात वैशाख पौर्णिमेच्या उत्सवासाठी रंगूनला गेले.

तेव्हा रंगूनमध्ये फार मोठी गोष्ट घडत होती. पंतप्रधान ऊ नू यांच्या पुढाकाराने १७ मे १९५४ रोजी सहावी धम्मसंगीती सुरू झाली. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेत झाली होती. तिची आठवण म्हणून काबा आये येथे एक प्रचंड कृत्रिम गुहा बांधण्यात आली होती. वेगवेगळ्या देशांतले भिक्खू दोन वर्षे तिथं बसून त्रिपिटक तपासत होते, पाठ शुद्ध करत होते. बुद्ध महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे पूर्ण झाली त्या मे १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला हे काम संपलं.

डिसेंबर १९५४ च्या सुरुवातीला रंगूनलाच जागतिक बौद्ध परिषदेचं तिसरं अधिवेशन भरलं. बाबासाहेब पुन्हा गेले. या वेळी माईसाहेब सोबत होत्या, कारण प्रकृती आणखी खालावली होती. एका वर्षात दोनदा, तेही आजारपणात! आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर येतं. कशापायी गेले?

एक, ते हिशेब द्यायला गेले. भारतात धम्मासाठी आपण काय काय केलं ते त्यांनी परिषदेत सांगितलं. राष्ट्रध्वजावर अशोकचक्र आलं, सारनाथची सिंहमुद्रा राजमुद्रा झाली, बुद्धजयंतीची सुट्टी मिळाली, हे सगळं त्यांनी मांडलं.

दोन, ते मागायला गेले, पण हात पसरून नाही. ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलला त्यांनी लेखी निवेदन दिलं. भारतात धम्म रुजवायचा तर साध्या माणसाच्या हातात देता येईल असा एकच धम्मग्रंथ पाहिजे, संघाच्या कामाची पद्धत बदलली पाहिजे, प्रचारक तयार झाले पाहिजेत, अशी त्यांची योजना होती. कामाचा आराखडा सोबत घेऊन गेलेला माणूस होता तो.

तीन, आणि हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते बोलायला गेले. यजमानाच्या घरी जाऊन त्यांनी यजमानालाच सुनावलं. उत्सवात रोषणाई आणि सजावटीवर तुम्ही जो पैसा उधळता, तो जिथं धम्म लोप पावला आहे तिथं त्याच्या प्रसारासाठी खर्च करा, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. श्वेडगॉन पगोड्याचं सोनं पाहून त्यांचे डोळे दिपले नाहीत. हे वाचलं आणि आम्हाला आमचीच डीजेची आणि लायटिंगची वर्गणी आठवली. जास्त लिहीत नाही, समजणाऱ्याने समजावं.

आणि मूर्ती आली ती आपल्या शेजारी

रंगूनहून बाबासाहेब परत आले आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला आले. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी आपल्या हातांनी केली. ती ही देहूरोडची धम्मभूमी. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून चार-पाच किलोमीटर. आपण कामावर जाताना, लग्नाला जाताना, लोणावळा लोकलमधून हजार वेळा तिच्या जवळून गेलो आहोत.

देहूरोड म्हणजे तेव्हा लष्करी डेपो आणि त्यात राबणारे आपले कामगार. सैन्याची आणि आपल्या समाजाची नाळ जुनी. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होती. लढाईसाठी आपले जवान ज्या देशात गेले, त्याच देशातून पुढं दहा वर्षांच्या आत बुद्ध आपल्या वस्तीत आला. हा योगायोग असेल, पण मनाला भिडतो.

त्या दिवशी हजारो लोक जमले होते. आमच्या त्या आजी आठ-नऊ वर्षांच्या होत्या, बापाच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. भाषण काय झालं ते त्यांना आठवत नाही. आठवते ती धूळ, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि "कुणी बोलंना, समदे गप हुते" एवढंच. भाषणात बाबासाहेबांनी आपण बुद्धाच्या शिकवणुकीवर सोप्या भाषेत ग्रंथ लिहीत असल्याचं सांगितलं. रंगूनच्या योजनेतला तोच ग्रंथ, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला, पण छापील प्रत पाहायला बाबासाहेब राहिले नव्हते. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच, असंही त्यांनी तिथं सांगितलं. तुकोबांच्या देहूच्या वाटेवर, जिथून दर वर्षी पालखी निगडी-आकुर्डीवरून पुढं जाते, तिथं उभं राहून हे बोलायला केवढं धाडस लागलं असेल!

पुढचा क्रम पाहा. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरची धम्मदीक्षा. तिथं बाबासाहेब आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीर हे मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण. रंगूनहून निघालेली वाट देहूरोडवरून नागपूरला गेली, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. आणि ब्रह्मदेशाचा ओघ पुढंही थांबला नाही. मंडालेला जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली विपश्यना घेऊन भारतात आले. इगतपुरीचं धम्मगिरी आणि श्वेडगॉनच्या धर्तीवर गोराईला उभा राहिलेला, २००९ साली खुला झालेला पगोडा, हे त्याच कामाचं फळ. आपल्या विहारातल्या कितीतरी भगिनी दहा दिवसांचं शिबिर करून आल्या आहेत.

मग आपण काय करायचं?

ब्रह्मदेशात अजून शांतता नाही. त्यात २८ मार्च २०२५ रोजी मंडाले आणि सगाईंग भागात मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, विहार आणि पगोडे पडले. नोकरीचं आमिष दाखवून थायलंडमार्गे आपल्या देशातल्या पोरांना तिथल्या सीमेवर नेऊन डांबल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. अशा वेळी बायाबापड्यांना घेऊन जाणं शहाणपणाचं नाही, हे आम्हीही मान्य करतो.

पण थायलंडच्या सहलीला आमचा आक्षेप का, ते स्पष्ट सांगतो. थायलंड बौद्ध देश आहे, जरूर जावं. पण पाच रात्रींत अर्धा दिवस बुद्ध, हा हिशेब आम्हाला पटत नाही. बाबासाहेब जाताना निवेदन घेऊन गेले आणि येताना मूर्ती घेऊन आले. आपण जाताना काय नेणार आणि येताना काय आणणार? फोटो आणि चॉकलेटं? ती आणायला दोन कुटुंबांनी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाची भिशी अजून चालू ठेवलेली नाही. त्यातल्या एका घराने मध्ये पैसे परत मागितले होते. आम्ही ते दिले, गरज होती. पुढच्या महिन्यात त्याच घरातली मुलगी पुन्हा हप्ता घेऊन आली, म्हणाली, "पप्पांचं नाव वहीत राहू द्या." या पैशाची किंमत अशी आहे.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, ज्यांचे पासपोर्ट नाहीत त्यांनी आत्ताच काढावेत. आपल्या पिढीत निम्म्यांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावलेली, आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं. हे दुरुस्त करायलाच वर्ष जातं. फॉर्म भरायला रविवारी आम्ही विहारात बसतो, कागद घेऊन यावं. दुसरी, येत्या २५ डिसेंबरला सकाळी निगडीहून देहूरोडपर्यंत पोराबाळांसह पायी जावं, आणि १९५४ ची हकीकत वाटेत मुलांनीच सांगावी. तिसरी, भिशीच्या व्याजातून विहारात पाली शिकवणीचा वर्ग सुरू करावा. चौथी, जिथं जाऊ तिथल्या विहारातल्या माणसांसाठी आपल्या धम्मभूमीची माहिती लिहून न्यावी, म्हणजे तिथल्या लोकांना कळेल की त्यांच्याकडून आलेल्या बुद्धाला आपण कसं सांभाळलं.

थायलंड की थांबायचं, हे एकट्याने ठरवायचं नाही. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर बैठक आहे. वहीतली बावीसच्या बावीस घरं यावीत, त्या दोन घरांनीही. आजी येणार आहेत. त्यांना उत्तर द्यायचं आहे, आणि या वेळी ते वस्तीतल्या एखाद्या पोरानं द्यावं अशी आमची इच्छा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!