इंग्रजीतील ‘माइल्ड’ या शब्दाचा अर्थेतिहास : राजगुणापासून ‘मवाळ’पणापर्यंत

प्रस्तावना

शब्दाचा अर्थ कोशात पाहणे आणि तो शब्द कोणी कोणाला उद्देशून वापरला हे तपासणे, या दोन भिन्न गोष्टी होत. इंग्रजीतील ‘माइल्ड’ या विशेषणासाठी आणि ‘माइल्डनेस’ या नामासाठी मराठीत सौम्य, मृदू, नरम, मवाळ, सौम्यता, मवाळपणा असे प्रतिशब्द सहज सुचतात. हवामान, औषध, स्वभाव, शिक्षा अशा अनेक संदर्भांत ते चालतातही. परंतु सुमारे हजार वर्षांत हा शब्द कोणाला लावला गेला याचा मागोवा घेतला असता एक लक्षणीय बदल दिसून येतो. आरंभी ‘माइल्ड’ असणे हा बलवंताचा गुण होता. कालांतराने तो दुर्बलाची ओळख ठरला. भारतातील ब्रिटिश सत्तेच्या काळात या बदलाला राजकीय अर्थ प्राप्त झाला आणि त्याचे पडसाद महाराष्ट्राच्या राजकीय परिभाषेतही उमटले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा विचार केला आहे.

राजाचा गुण

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘मिल्डे’ असे होते. दयाळू, कृपाळू, प्रसन्न असे त्याचे अर्थ असून तो ईश्वराला, राजाला, धन्याला लावला जाई. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतील महाकाव्याच्या अखेरच्या ओळींत अंत्यसंस्कारानंतर प्रजाजन आपल्या राजाचे जे गुण आठवतात, त्यांत याच शब्दाचे ‘तम’वाचक रूप येते. ज्याने राक्षस मारले आणि म्हातारपणी अग्निसर्पाशी झुंजताना प्राण सोडला, त्याला लोक सर्वांत ‘माइल्ड’ म्हणतात. आजच्या इंग्रजी वाचकाला हे विशेषण तेथे काहीसे खटकते. तत्कालीन श्रोत्याला ते खटकण्याचे कारण नव्हते. जो तलवार चालवू शकतो त्यानेच ती म्यान करण्यात काही अर्थ असतो.

इतर जर्मानिक भाषांमध्ये या गुणाचा आणखी एक पैलू ठळक होतो, तो म्हणजे दातृत्व. मध्ययुगीन जर्मन दरबारी काव्यात ‘मिल्टे’ म्हणजे आश्रयदात्याचा सढळ हात. नॉर्स भाषेतील ‘मिल्ड्र’ या शब्दाचाही अर्थ उदार असाच होता. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन याने नॉर्वेच्या राजांच्या कथा लिहिल्या. त्यात हाल्फदान नावाच्या एका राजाला दोन उपाधी एकदमच चिकटलेल्या दिसतात : दानात उदार आणि अन्नात कंजूष. इतर राजे जितकी चांदीची नाणी देत तितकी सोन्याची नाणी हा आपल्या माणसांना देई, पण जेवणाच्या बाबतीत त्यांना उपाशी ठेवी, असे स्नोरी सांगतो. येथे ‘माइल्ड’ या शब्दाचा स्वभावाच्या कोमलतेशी संबंध फारसा नाही. तो देणाऱ्याच्या हाताशी आहे.

ख्रिस्ती धर्मप्रसारानंतर लॅटिनमधील करुणावाचक ‘मिसेरिकोर्डिया’ या संज्ञेसाठी जुन्या इंग्रजीत ‘मिल्डहेओर्टनेस’ हा सामासिक शब्द रूढ झाला. त्याचा शब्दशः अर्थ हृदयाचा मृदुपणा. एल्फ्रिकच्या प्रवचनांत तो वारंवार येतो. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली आणि सत्ता, न्याय व दरबार यांची भाषा फ्रेंच झाली. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘मर्सी’ हा फ्रेंच शब्द इंग्रजीत स्थिरावू लागला आणि त्याने ‘मिल्डहेओर्टनेस’ला हळूहळू बाजूला सारले. ‘मर्सी’चे मूळ लॅटिनमधील मोबदला वा किंमत या अर्थाच्या शब्दात आहे, ही बाब विचार करण्यासारखी आहे. राजाची दया आता फ्रेंच शब्दाने बोलली जाऊ लागली आणि ‘माइल्ड’ला सिंहासनावरून खाली उतरावे लागले.

खाली उतरून तो कोठे गेला? मध्ययुगीन इंग्रजी भक्तिगीतांत तो प्रामुख्याने मेरीमातेचे विशेषण झाला. पुढे बालकांचा आणि विनम्र सेवकांचाही. ‘मीक’ या शब्दाशी त्याची जोडी जमली. ‘मीक’ हाही मूळचा नॉर्स शब्द असून त्याचा अर्थ मऊ असाच होता. चार्ल्स वेस्ली याने १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या स्तोत्रात ही जोडी येशूसाठी योजली आणि इंग्लंडमधील मुलांच्या अनेक पिढ्यांनी ते स्तोत्र पाठ केले. शब्दातील ईश्वरी अर्थ कायम राहिला, परंतु धाक मात्र निघून गेला.

वस्तूंची सौम्यता

माणसांप्रमाणे वस्तूंनाही हा शब्द लावला जातो. तेथे त्याचा अर्थ नेहमी तुलनेने ठरतो, हे नोंदवणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील ‘माइल्ड’ बिअर म्हणजे मुळात फार काळ न मुरवलेली, ताजी बिअर. मुरलेल्या, आंबूस बिअरच्या तुलनेत ती सौम्य. कमी अल्कोहोलची बिअर हा अर्थ मागाहून आला. ‘माइल्ड स्टील’मध्ये कार्बनचे प्रमाण सुमारे पाव टक्क्यापर्यंतच असते, म्हणून ते वाकवता व जोडता येते. आपल्याकडील फॅब्रिकेशनच्या दुकानांत ज्याला ‘एम.एस.’ म्हणतात ते हेच. पूल आणि इमारती उभारणाऱ्या पोलादाला सौम्य म्हणणे विनोदी वाटेल, पण तुलना अधिक कठीण पोलादाशी आहे.

तंबाखूच्या बाबतीत मात्र या तुलनेचा गैरवापर झाला. ‘माइल्ड’ सिगारेट म्हणजे कमी अपायकारक, असा समज ग्राहकांत पसरला आणि तो विक्रेत्यांच्या सोयीचाही होता. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाने असे शब्द पाकिटावर छापण्यास मनाई केली. या निर्देशाला तंबाखू कंपन्यांनी आव्हान दिले, परंतु डिसेंबर २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो वैध ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण करारातही दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणे म्हणून ‘लाइट’बरोबर ‘माइल्ड’चा उल्लेख आहे. ‘माइल्ड सेव्हन’ या प्रसिद्ध जपानी सिगारेटचे नाव २०१३ मध्ये बदलण्यात आले. एखादे विशेषण ऐकणाऱ्याला निर्धास्त करते म्हणून त्यावर कायद्याने बंदी यावी, हे विरळाच घडते. शब्दाचे हेच निर्धास्त करण्याचे सामर्थ्य वसाहतीच्या इतिहासातही कामी आले होते.

‘माइल्ड हिंदू’

अठराव्या शतकात युरोपात हवामान आणि मानवी स्वभाव यांचा संबंध जोडणारी मांडणी प्रभावी होती. मॉंतेस्क्यू याने १७४८ च्या आपल्या ग्रंथात भारतीय लोक सौम्य, कोमल आणि कनवाळू असल्याचे म्हटले. हेच लोक उष्ण हवेमुळे धैर्यहीन असतात, असेही त्याच ग्रंथात त्याने म्हटले. स्तुती आणि हेटाळणी अशी एकाच मांडणीतून निघाली. कंपनीच्या राज्यात ‘माइल्ड हिंदू’ हा इंग्रजीतील एक ठरीव शब्दप्रयोग झाला. मूठभर परकीयांना विशाल प्रदेशावर राज्य करावयाचे असता प्रजा स्वभावतःच सौम्य आहे हा विश्वास त्यांना किती दिलासा देणारा होता, हे वेगळे सांगावयास नको.

जेम्स मिल याने १८१७ च्या ‘ब्रिटिश इंडियाचा इतिहास’ या ग्रंथात हिंदूंच्या वागण्यातील मृदुता मान्य केली. तिला स्त्रीसुलभ ठरवले आणि ती सुसंस्कृतपणाचा पुरावा मानण्यास नकार दिला. मिल भारतात कधीही आला नव्हता. मेकॉले मात्र येथे राहून गेला होता. त्याने १८४१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली माणसाच्या शारीरिक दुर्बलतेचे जे वर्णन केले ते इंग्रजी शिकलेल्या कित्येक भारतीयांनी पुढे वाचले आणि मनाला लावून घेतले. मराठ्यांना मात्र हे विशेषण सहसा लाभले नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणभूमीवर वेलस्लीच्या फौजेची जी मोठी हानी झाली, तिच्या आठवणीत मराठ्याला सौम्य म्हणणे कठीणच होते. त्याच्यासाठी धूर्त, लुटारू ही वेगळी विशेषणे राखीव होती. अशा विशेषणांतून लोकस्वभावापेक्षा त्या त्या प्रांताशी इंग्रजांचा संबंध कसा आला, हेच अधिक कळते.

१८५७ च्या उठावाने हा शब्दप्रयोग उलटा फिरला. इंग्रजी नियतकालिकांत ‘माइल्ड हिंदू’ आता उपरोधाने लिहिले जाऊ लागले. याच वेळी एक उद्बोधक घटना घडली. ३१ जुलै १८५७ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याच्या सरकारने एक ठराव काढला. दोषी आणि निर्दोष शिपाई यांत भेद न करता सरसकट फाशी देण्याच्या प्रकारांना मुलकी अधिकाऱ्यांनी आळा घालावा, असा त्याचा आशय होता. यावर कलकत्त्यातील युरोपीय रहिवासी आणि इंग्लंडमधील वृत्तपत्रे संतापली. कॅनिंगला ‘क्लेमन्सी कॅनिंग’ असे कुत्सित नाव मिळाले आणि त्याला परत बोलवावे असा अर्ज राणीकडे गेला. ‘क्लेमन्सी’ म्हणजे क्षमाशीलता, राज्यकर्त्याची सौम्यता. सेनेका याने या गुणावर ग्रंथ लिहून तो तरुण नीरो बादशहाला उद्देशला होता. जो गुण ‘बेओवुल्फ’मध्ये राजाच्या मृत्यूनंतर आठवला जातो तोच १८५७ मध्ये जिवंत राज्यकर्त्याला शिवीसारखा लावला गेला! प्रजेची सौम्यता हे ढोंग आणि सत्ताधाऱ्याची सौम्यता हा दुबळेपणा, अशी ही दुहेरी कोंडी होती. कॅनिंगने स्वतः सप्टेंबर १८५७ मध्ये राणीला लिहिलेल्या पत्रात आपल्याच देशबांधवांच्या सूडबुद्धीविषयी खेद व्यक्त केला होता. व्हिक्टोरिया राणीने त्याची बाजू घेतली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातही औदार्याची व सदिच्छेची भाषा असावी असा आग्रह तिने धरला. कालांतराने ‘क्लेमन्सी’ ही उपाधी आदराने घेतली जाऊ लागली.

‘माइल्ड हिंदू’ या शब्दप्रयोगाला भारतीयांकडून मिळालेले एक ठळक उत्तर स्वामी विवेकानंदांचे होय. जानेवारी १८९७ मध्ये कोलंबो येथील व्याख्यानात त्यांनी हे बिरुद निंदेने वापरले जाते हे मान्य करून त्यातच मोठे सत्य दडले असल्याचे प्रतिपादन केले. आक्रमण न करता विचार देणे हे भारताचे कार्य, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली.

नेमस्त की मवाळ?

महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत या अर्थेतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. राष्ट्रीय सभेतील ‘मॉडरेट’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन शब्द आले : नेमस्त आणि मवाळ. ‘मॉडरेट’चे मूळ लॅटिनमधील ‘मोडुस’ म्हणजे माप, मर्यादा यात आहे. ‘नेमस्त’ या शब्दातील नेम त्याच्या बराच जवळ जातो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभेच्या स्थापनेच्या वेळी उदारमतवाद आणि नेमस्तपणा यांची जी व्याख्या केली तीत अशक्याचा निष्फळ ध्यास न धरता रोज एक पाऊल पुढे टाकण्याचे तत्त्व होते. तो बुद्धिपूर्वक घातलेला संयम होता. ‘मवाळ’मध्ये मात्र माप नाही, केवळ मऊपणा आहे. ‘जहाल’ हे विशेषण विषाला लावतात. त्याच्यासमोर ‘मवाळ’ ठेवला की एक बाजू तेजाची आणि दुसरी नरमाईची, असा निवाडा शब्दांतच होऊन जातो. अशा रीतीने ‘मॉडरेट’चा मराठी अनुवाद होताना तो वस्तुतः ‘माइल्ड’चा अनुवाद झाला.

येथे एक भाषिक योगायोग नमूद करावासा आहे. मराठी ‘मवाळ’ हा ‘मऊ’पासून आणि ‘मऊ’ हा संस्कृत ‘मृदु’पासून आलेला आहे. ‘मृदु’ आणि इंग्रजी ‘माइल्ड’ हे दोन्ही शब्द मऊपणा दर्शवणाऱ्या एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी भाषाशास्त्रज्ञ बहुधा जोडतात. म्हणजे कलकत्त्याच्या इंग्रजी दैनिकातील ‘माइल्ड’ आणि पुण्याच्या मराठी वादातील ‘मवाळ’ हे दूरचे भाऊबंदच ठरतात, आणि दोघांच्याही वाट्याला एकच अपकीर्ती आली.

ही अपकीर्ती गोपाळ कृष्ण गोखले यांना विशेष भोवली. १८९७ मध्ये इंग्लंडात असताना त्यांनी पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या सैनिकांवरील आरोप जाहीर केले. परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांनी माफी मागितली. ज्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही ती मागे घ्यावी हा त्यांच्या दृष्टीने सचोटीचा भाग होता. अनेक समकालीनांना तो मवाळपणा वाटला. तथापि पुढे केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेली आकडेवारीने भरलेली भाषणे वाचली असता तेथे मऊपणा शोधूनही सापडत नाही.

लोकमान्य टिळकांनी स्वतः या विशेषणांकडे सावधपणे पाहिले, हे अनेकदा विसरले जाते. २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यातील भाषणात त्यांनी ‘मॉडरेट’ व ‘एक्स्ट्रीमिस्ट’ हे शब्द कालसापेक्ष असल्याचे सांगितले. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षाअखेर सुरतेच्या अधिवेशनात २७ डिसेंबर रोजी मंडपात उडालेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. तो लालसर चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे जडवलेला मराठी जोडा होता, अशी नोंद हेन्री नेविन्सन या ब्रिटिश पत्रकाराने केली आहे. त्यानंतर खुर्च्या व काठ्या चालल्या, आणि त्यात मवाळ पक्षाची माणसेही मागे नव्हती.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी टिळकांनी त्यांचा गौरव भारताचा हिरा अशा शब्दांत केला. १९१८ मध्ये नेमस्तांनी वेगळी संघटना काढली आणि पुढे ‘मॉडरेट’ हा शब्द टाकून ‘लिबरल’ हे नाव घेतले. लॅटिन मुळानुसार त्याचा अर्थ मुक्त, सढळ हाताचा. जुन्या जर्मानिक राजांना ‘माइल्ड’ म्हणताना जो अभिप्रेत होता तोच. मराठीत त्यांना प्रागतिक आणि उदारमतवादी म्हटले गेले. शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र मवाळ आणि जहाल हीच जोडी टिकून राहिली.