सैकल ते सतार

उर्दू शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना 'सैकल' हा शब्द शायरीत वारंवार भेटतो. मूळ अरबी. अर्थ, घासून झिलई आणणे. आरसा सैकल होतो, तलवार सैकल होते, सूफींच्या बोलीत तर मनही. हे काम करणारा तो सैकलगर. तोच मराठी मुलखात शिकलगार झाला. आमच्या वर्गात या आडनावाची मुले असतात, पण आपल्या आडनावात एक अख्खा इतिहास आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पाठ्यपुस्तकात तलवार आहे. ती कोणी चालवली, कुठल्या लढाईत, कोणत्या साली, सारे आहे. तिला धार लावणारा हात मात्र नाही. मग 1818 साली पेशवाई बुडाली, संस्थानांच्या फौजा आटल्या, तेव्हा त्या हाताचे काय झाले, हा प्रश्नही पुस्तकाला पडत नाही. मुलांना मात्र तो पडतो.

त्याचे एक उत्तर मिरजेत आहे. पटवर्धनांच्या या संस्थानात गाण्याची कदर होती, गवयांची ये-जा होती. वाद्ये बिघडली की दुरुस्तीला जवळपास कोणी नसे. परंपरा सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे काम शिकलगारांतल्या फरीदसाहेबांकडे आले. हात कसबी होता. दुरुस्ती करता करता वाद्ये घडवणे सुरू झाले. पुढे घराण्याला 'सतारमेकर' हे आडनाव मिळाले, गल्लीलाही तेच नाव पडले. सतार हे फारसी 'सेह-तार' म्हणजे तीन तारा यावरून आलेले, आणि मेकर इंग्रजी! आमच्या मराठी मुसलमानांची आडनावे ही अशी असतात. व्याकरणाच्या तासाला फार उपयोगी पडतात.

तंबोरा कसा होतो हे पाहायला मुलांना कारखान्यात न्यावे, पुस्तकातून ते कळत नाही. पंढरपूरकडच्या शेतांत खास वाढवलेला कडू भोपळा आणून महिनोन् महिने वाळवतात. मग पाण्यात भिजवून, नरम करून कापतात, आतला गर खरवडतात. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडतात, तोंडावर तबली बसवतात, नक्षी होते, पॉलिश होते. मुलांना वाटते, झाला तंबोरा. पण खरे काम पुढेच असते. तबलीवरच्या घोडीचा माथा कानसीने अगदी हलक्या हाताने घासायचा, इतका की तार त्याला जेमतेम शिवत राहील. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत जायचे. एका जागी तो थांबतो आणि तार एकाएकी बोलू लागते. एका सुरातून अनेक सूर फुटतात. याला जवारी काढणे म्हणतात. हेही शेवटी सैकलच. फरक इतकाच की पात्याची धार बोटाला कळते, जवारी कानाला.

कैराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. 1937 च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासात ते वारले. कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करही 1931 साली मिरजेतच वारले. दोघांची चरित्रे मिळतात. त्यांच्या मागे जे तंबोरे वाजत, त्यांची जवारी कोणी काढली, याची नोंद कोण ठेवणार?

एकदा हे सारे सांगत असताना एका मुलीने विचारले, "पर बाजा तो हराम है ना?" हा प्रश्न टाळून चालत नाही. आम्ही सांगितले की हा मसला उलमांचा आहे, त्यांच्यात मतभेद आहेत, तो इतिहासाच्या तासाला सुटणार नाही. पण हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, लोखंडाची चिलखते बनवत, हे तुम्ही दीनियातच्या तासाला शिकला आहात; तेव्हा कारागिराच्या हाताकडे तरी अदबीने पाहा. मुलगी गप्प झाली. पटले की नाही, माहीत नाही.

हस्तकलेभोवती शिक्षण उभे करावे ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. 1937 च्या त्याच ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि योजना आखायची जबाबदारी जामियाच्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीवर आली. पुढे राष्ट्रपती झालेले तेच. बी.एड.च्या परीक्षेत 'नई तालीम'वर टीप लिहिली नाही असा शिक्षक विरळाच. शाळेत मात्र तिचा 'कार्यानुभव' झाला, म्हणजे घोटीव कागदाची फुले. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय आहे. ते दिवस कागदी फुलांत जाऊ नयेत, एवढे आमच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. हुनर शिकवणे म्हणजे कारागिराच्या मुलाला बापाच्या धंद्याला बांधणे नव्हे. 1979 साली बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला, आता तो फुकट मोबाइलमध्येही येतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहे, पण मुलाने इंजिनिअर व्हावे असे कारागीर बापाला वाटले तर त्याला वारशावर व्याख्यान देण्याचा अधिकार पगारदार शिक्षकाला नाही. मुलाने इंजिनिअर जरूर व्हावे. फक्त जवारी म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असावे.

मिरजेहून परतल्यावर आम्ही हजेरीपट फळ्यावर उतरवला आणि प्रत्येकाला आपापल्या आडनावाचा धंदा घरी विचारून यायला सांगितले. अत्तार, तांबोळी, बागवान सोपे होते. मोमीन म्हणजे विणकर हे अर्ध्या वर्गाला नवे होते. पिंजारीने आजीकडून कापूस पिंजायच्या धनुकलीचे चित्र काढून आणले. नालबंदाने लिहिले होते, "दादा बैलांना नाल ठोकत. अब्बा वेल्डिंग करतात. आग तीच आहे."