मुरगाव तालुक्यातील जैवसंवेदक संशोधन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठीतील 'किमया' हा शब्द अरबी 'कीमिया'पासून आला. हलक्या धातूचे सोने करण्याचे किमयागारांचे स्वप्न पुरे झाले नाही. मात्र सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांनी रसायनशास्त्राला नवे साधन दिले. अब्जांश पदार्थ व आयनी द्रव यांचा जैव-विश्लेषणाशी संबंध कसा आला आणि गोव्यातील मुरगाव तालुक्यात या क्षेत्रात कोणते काम झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

1973 साली सांकवाळ परिसरात झुआरी खत कारखाना सुरू झाला. त्याच्या सांडपाण्यामुळे समुद्रातील मासे मरत असल्याची तक्रार लवकरच वेळसावच्या मच्छीमारांनी केली. मातान्ही साल्ढाणा यांच्या पुढाकाराने आंदोलन उभे राहिले. मेलेले मासे सर्वांना दिसत होते. पाण्यात कोणते द्रव्य किती आहे, हे मात्र प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नव्हते. स्वस्त व जागच्या जागी होणाऱ्या तपासणीची गरज अशा प्रसंगी प्रकर्षाने जाणवते.

तीन प्रवाह

पहिला प्रवाह कणांचा. 1857 साली मायकेल फॅराडे यांनी सोन्याचे माणकासारखे लाल कलिल अभ्यासले. हे कण सुटे असताना द्रावण लाल दिसते, एकत्र आल्यावर निळसर होते. हाच रंगबदल पुढे तपासणीत उपयोगी पडला.

दुसरा प्रवाह आयनी द्रवांचा. मीठ वितळण्यास सुमारे 800 अंश सेल्सिअस तापमान लागते. परंतु 1914 साली पॉल वाल्डेन यांनी सुमारे 12 अंशांवरच वितळणारा क्षार नोंदविला. 1992 मध्ये हवा व पाण्यात टिकणारे आयनी द्रव तयार झाले. 2003 मध्ये जपानी संशोधकांनी त्यांत कार्बन नलिका खलून जेल बनविले. विद्युत अग्रावर लेप देण्यास ते सोयीचे ठरले.

तिसरा प्रवाह जैवसंवेदकाचा. 1962 साली क्लार्क व लायन्स यांनी विकर व विद्युत अग्र एकत्र आणून रक्तातील साखर मोजण्याची कल्पना मांडली.

मुरगावातील कार्य

2004 साली झुआरीनगर येथे बिट्स पिलानीचा गोवा परिसर सुरू झाला. तेथील रसायनशास्त्र विभागात विकर व प्रतिपिंडांवर आधारित जैवसंवेदकांचे संशोधन झाले. राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पांतर्गत दुधातील कीटकनाशके, अफ्लाटॉक्सिन, जड धातू व जिवाणू शोधण्याचे काम हाती घेण्यात आले. बुरशी लागलेल्या चाऱ्यातून दुधात उतरणाऱ्या अफ्लाटॉक्सिन एम-1 ची भारतातील मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, तर युरोपात 0.05 मायक्रोग्रॅम आहे. इतके अल्प प्रमाण ओळखायचे असल्याने संवेदकाची संवेदनक्षमता महत्त्वाची ठरते.

निष्कर्ष

आयनी द्रवांची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून त्यांना 'हरित' म्हटले जाते. परंतु त्यांपैकी काही जलचरांना विषारी असल्याचे आढळले आहे. वेळसावचा अनुभव असलेल्या प्रदेशात ही बाब विसरता येणार नाही. मधुमेही रुग्णाच्या घरातील ग्लुकोमीटरची पट्टी ही क्लार्क यांच्याच कल्पनेची वारस आहे. उर्दू वा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास प्रथम पारिभाषिक शब्द अडतो. शिक्षकाने त्या पट्टीपासून सुरुवात केल्यास हा विषय परका राहणार नाही.