सर्टिफिकेट-पिनिंग : आवृत्ती-नियंत्रण साधनांतील

सोर्स-कोडचे भांडार ज्या सर्व्हरवर आहे, त्याची ओळख आधीच पक्की करून क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवून ठेवण्याची पद्धत. जोडणीच्या वेळी सर्व्हरने पुढे केलेले सर्टिफिकेट, त्याचा फिंगरप्रिंट किंवा त्यातील पब्लिक की या नोंदीशी जुळली नाही, तर क्लोन, पुल, पुश यांपैकी कोणतेही काम पुढे जात नाही. ही व्याख्या मर्क्युरियल आणि गिट यांना पूर्णपणे लागू पडते, सबव्हर्जनला अंशतः.

तत्त्व : नेहमीच्या एचटीटीपीएस जोडणीत सर्व्हरच्या सर्टिफिकेटावरील सह्यांची साखळी विश्वासार्ह मानलेल्या एखाद्या मूळ सर्टिफिकेटापर्यंत पोचते का, एवढे तपासले जाते. अशी मूळ सर्टिफिकेटे शंभराहून अधिक आहेत. वेगळे बंधन घातलेले नसेल, तर त्यांपैकी कोणत्याही एकाच्या आधारे कोणत्याही डोमेनचे सर्टिफिकेट देता येते. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट सर्टिफिकेट निघाले. क्रोममध्ये गूगलच्या की पिन केलेल्या असल्याने ते उघडकीस आले. पिनिंगकडे लक्ष वेधले गेले ते प्रामुख्याने या घटनेमुळे. कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरवर स्वतःच सही केलेले सर्टिफिकेट असते तेव्हा मात्र पिनिंग किंवा अंतर्गत मूळ सर्टिफिकेट बसवणे, हेच दोन सरळ मार्ग उरतात.

मर्क्युरियल : २०१० मध्ये नोंदवलेल्या दोषानुसार (सीव्हीई-२०१०-४२३७) १.६.४ पूर्वीच्या आवृत्त्या सर्टिफिकेटावरील नाव सर्व्हरच्या नावाशी ताडून पाहत नसत. पुढे आलेल्या ‘होस्टफिंगरप्रिंट्स’ या विभागात सर्व्हरच्या नावापुढे सर्टिफिकेटाचा एसएचए-१ फिंगरप्रिंट लिहावा लागे. ऑगस्ट २०१६ मधील ३.९ आवृत्तीत त्याची जागा ‘होस्टसिक्युरिटी’ या विभागाने घेतली. त्यात एसएचए-२५६ व एसएचए-५१२ चालतात आणि एकाच सर्व्हरसाठी अनेक फिंगरप्रिंट देता येतात. त्यामुळे नवे सर्टिफिकेट लागण्यापूर्वीच त्याचा फिंगरप्रिंट जुन्याशेजारी लिहून ठेवता येतो आणि बदलाच्या दिवशी काम अडत नाही.

फिंगरप्रिंट दिलेल्या सर्व्हरसाठी मर्क्युरियल सह्यांची साखळी तपासतच नाही. तेथे पिन हीच एकमेव कसोटी ठरते. पिन संपूर्ण सर्टिफिकेटाचा असल्यामुळे जुनीच की ठेवून नूतनीकरण केले तरी फिंगरप्रिंट बदलतो. पडताळणी न झाल्यास ३.९ पासूनचा त्रुटी-संदेश सर्व्हरचा फिंगरप्रिंट छापून कॉन्फिगरेशनमध्ये काय लिहावे तेही सुचवतो. ती ओळ उचलून तशीच चिकटवण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या जोडणीची शंका आहे तिच्यातूनच तो फिंगरप्रिंट आलेला असतो. तेव्हा तो दुसऱ्या वाटेने, म्हणजे व्यवस्थापकाकडून किंवा स्वतंत्र पानावरून, पडताळून घेतल्यावाचून पिनला मोल नाही.

मोझिलाने आपल्या सर्व्हरांचे फिंगरप्रिंट वापरकर्त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये आपोआप लिहिण्याची सोय मर्क्युरियलच्या मांडणी-साहाय्यकात केली होती. मर्क्युरियल ज्या पायथन भाषेवर चालते, तिच्या डिसेंबर २०१४ मधील २.७.९ आवृत्तीपासून टीएलएसची, म्हणजे एचटीटीपीएसमागील सुरक्षित जोडणीची, तपासणी सुधारली. साखळीची तपासणी भरवशाची झाल्यावर साठलेले पिन काढून टाकण्याचे कामही अशाच साहाय्यकाकडे आले. जुने पिन विसरले जाणे ही या पद्धतीतील नेहमीची त्रुटी होय.

सबव्हर्जन : पडताळणी अयशस्वी झाल्यास सर्टिफिकेट नाकारावे, तात्पुरते स्वीकारावे की कायमचे, असा प्रश्न विचारला जातो. कायमचे स्वीकारलेले सर्टिफिकेट वापरकर्त्याच्या ‘ऑथ’ फोल्डरात साठते. फाइलचे नाव सर्व्हरच्या पत्त्याचा एमडी५ हॅश असल्याने नुसत्या नावावरून ती ओळखू येत नाही. १.९ आवृत्तीपासून (२०१५) ‘एसव्हीएन ऑथ’ या आज्ञेने अशा नोंदी पाहता व पुसता येतात. ही नोंद मूलतः एक अपवाद आहे. त्याच सर्व्हरने उद्या मान्यताप्राप्त संस्थेचे दुसरेच सर्टिफिकेट पुढे केले, तर सबव्हर्जन काही न विचारता ते स्वीकारते. थोडक्यात, सबव्हर्जनमधील नोंद विश्वासाची कक्षा वाढवते, गिटमधील पिन ती आवळतो आणि मर्क्युरियलमधील पिन जुन्या कसोटीची जागा घेतो.

गिट : मार्च २०१६ मधील २.८ आवृत्तीपासून ‘एचटीटीपी.पिन्डपबकी’ हे कलम उपलब्ध आहे. त्यात पब्लिक कीची फाइल किंवा तिचा एसएचए-२५६ हॅश देता येतो. तपासणी लिबकर्ल ही लायब्ररी करते. पिन कीचा असल्याने तीच की ठेवून सर्टिफिकेट बदलल्यास पिन टिकतो. साखळीची तपासणी त्याबरोबर चालूच राहते. प्रत्यक्षात अनेक जण त्रुटी आली की पडताळणीचे ‘एसएसएलव्हेरिफाय’ हे कलम बंद करून मोकळे होतात, तेव्हा साखळीच्या तपासणीचे संरक्षण संपते.

एसएसएच : येथे सर्टिफिकेटाऐवजी होस्ट-की असते आणि पहिल्या भेटीत स्वीकारलेली की ‘नोन-होस्ट्स’ फाइलमध्ये राहते. गिटहबची आरएसए होस्ट-की एका सार्वजनिक भांडारात काही काळ उघडी पडल्याने २४ मार्च २०२३ रोजी बदलण्यात आली. जुनी की साठवलेल्या क्लायंटना त्या दिवशी घुसखोरीचा इशारा दिसला. ईसीडीएसए व ईडी२५५१९ या की बदलल्या नाहीत.

बझार, सीव्हीएस : आता प्रामुख्याने ऐतिहासिक महत्त्व.

भारतातील प्रकरण : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना परवाना देण्याचे काम प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाकडे (सीसीए) आहे.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला (एनआयसी) सीसीएच्या मूळ सर्टिफिकेटाखाली मध्यस्थ सर्टिफिकेटे मिळालेली होती. गूगलच्या काही डोमेनांसाठी त्यांखालून अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे गूगलला २ जुलै २०१४ रोजी आढळले. सीसीएने ३ जुलै रोजी ती मध्यस्थ सर्टिफिकेटे रद्द केली. एनआयसीच्या वितरण-प्रक्रियेत घुसखोरी झाली आणि चारच सर्टिफिकेटे चुकीची निघाली, तीन गूगलच्या व एक याहूच्या डोमेनांसाठी, त्यांतील पहिले २५ जून रोजी, असा निष्कर्ष सीसीएने कळवला. या चारांपलीकडचीही सर्टिफिकेटे आपल्याला ठाऊक असल्याचे गूगलने म्हटले. व्याप्तीबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे जुळत नाही. पुढे क्रोमने सीसीएच्या मूळ सर्टिफिकेटाचा अधिकार सात डोमेनांपुरता मर्यादित करण्याचे जाहीर केले. त्यांत सरकारी व शैक्षणिक डोमेनांबरोबर रिझर्व्ह बँकेचे डोमेन होते.

सीसीएचे मूळ सर्टिफिकेट विंडोजच्या यादीत होते, मोझिलाच्या नव्हते. फायरफॉक्सला त्यामुळे धोका नव्हता, तर विंडोजवरील क्रोमने गूगलची बनावट सर्टिफिकेटे पिनमुळेच नाकारली असती. आवृत्ती-नियंत्रणालाही हाच भेद लागू होतो. विंडोजवरील सबव्हर्जन विंडोजच्या यादीचा आधार घेऊ शकते. मोझिलाच्या यादीवरून तयार केलेली फाइल वापरणारा क्लायंट विंडोजच्या यादीवर अवलंबून नसतो. एकाच संगणकावरील दोन साधनांचे उत्तर वेगळे येऊ शकते, ते यामुळे.

मतभेद : वेबसाइटने ब्राउझरला पिन कळवण्याचे मानक (आरएफसी ७४६९, एप्रिल २०१५) चुकीच्या पिनमुळे साइटच बंद पडण्याच्या भीतीने मागे पडले, क्रोमने ते २०१९ मध्ये काढून टाकले. हाच आक्षेप भांडारांनाही लागू करावा का, याबद्दल एकमत नाही. भांडाराचे वापरकर्ते मोजके व एकमेकांच्या संपर्कात असल्याने तेथे पिन सांभाळणे शक्य आहे, असे प्रतिपादन केले जाते.

नूतनीकरण : सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस झाली. एप्रिल २०२५ मधील ठरावानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. संपूर्ण सर्टिफिकेटाचा पिन त्या वेगाने हाताने बदलणे व्यवहार्य नाही. पब्लिक कीचा किंवा अंतर्गत मूळ सर्टिफिकेटाचा पिन, राखीव कीचा दुसरा पिन, बदलाची पूर्वसूचना आणि पिन कोणी, कोठून पडताळला याची नोंद, एवढी शिस्त पाळली तरच ही पद्धत टिकेल.

पहा : डिजिटल स्वाक्षरी, पब्लिक की क्रिप्टोग्राफी, सबव्हर्जन.