२०२२ आशियाई क्रीडा स्पर्धेतील नेमबाजी – पुरुष ५० मीटर रायफल तीन स्थिती सांघिक

२०२२ आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष ५० मीटर रायफल तीन स्थिती (थ्री पोझिशन्स) सांघिक स्पर्धा २९ सप्टेंबर, २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे झाली. स्वप्नील कुसळे, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल शेओरान यांच्या भारतीय संघाने १७६९ गुणांच्या नव्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. यजमान चीनला रौप्य, तर दक्षिण कोरियाला कांस्यपदक मिळाले. कोविड-१९ साथीमुळे ही क्रीडा स्पर्धा एक वर्ष पुढे ढकलून २३ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर, २०२३ या काळात भरवण्यात आली. मात्र तिच्या नावातील २०२२ हे वर्ष कायम ठेवण्यात आले. नेमबाजीच्या स्पर्धा फुयांग यिनहू क्रीडा केंद्रात झाल्या.

पार्श्वभूमी

आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचा समावेश १९५४ साली मनिला येथे प्रथम झाला. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग स्पर्धेत तीन नेमबाजांच्या सांघिक स्पर्धा वगळण्यात आल्या होत्या आणि सांघिक प्रकारांत मिश्र जोड्यांच्या स्पर्धा तेवढ्या राहिल्या होत्या. हांगझोऊ येथे पुरुष व महिला संघांच्या स्पर्धांचे पुनरागमन झाले आणि नेमबाजीतील एकूण स्पर्धांची संख्या ३३ झाली.

मधल्या काळात तीन स्थिती प्रकाराचे स्वरूपही बदलले होते. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्येही पुरुषांना प्रत्येक स्थितीत ४०, म्हणजे एकूण १२० गोळ्या झाडाव्या लागत. त्यानंतर ही संख्या निम्मी करण्यात आली. त्यामुळे जुन्या व नव्या गुणसंख्यांची थेट तुलना करता येत नाही. हांगझोऊ स्पर्धेपूर्वीचा १७६१ गुणांचा सांघिक विश्वविक्रम नव्या पद्धतीतील असून तो अमेरिकेच्या संघाने २०२२ मध्ये पेरू येथे नोंदवला होता.

स्पर्धेचे स्वरूप

या प्रकारात ०.२२ इंच (५.६ मिमी) व्यासाची गोळी झाडणारी रायफल वापरली जाते. रायफलचे वजन साहित्यासह ८ किलोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते. त्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिमी आणि त्याच्याही आतील ‘इनर टेन’ वर्तुळाचा व्यास ५ मिमी असतो. नेमबाज पुढील क्रमाने प्रत्येक स्थितीत २० गोळ्या झाडतो.

गुडघ्यावर बसून (नीलिंग): उजव्या हाताचा नेमबाज उजवा गुडघा जमिनीवर टेकतो, त्या पायाच्या घोट्याखाली लहान गोल उशी घेतो आणि डावे कोपर डाव्या गुडघ्यावर ठेवून रायफलला आधार देतो.

पालथे झोपून (प्रोन): दोन्ही कोपरे जमिनीवर टेकलेली असल्याने ही सर्वांत स्थिर स्थिती होय. येथे साधारणतः सर्वाधिक गुण मिळतात; म्हणूनच येथे गमावलेला एखादा गुणही महागात पडतो.

उभे राहून (स्टँडिंग): पहिल्या दोन स्थितींत वापरता येणारा दंडावरचा पट्टा येथे वापरता येत नाही. शरीराचा तोल, श्वास आणि हृदयाचे ठोके यांचा रायफलवर होणारा परिणाम येथे सर्वाधिक जाणवतो आणि बहुतेक सामन्यांचा निकाल याच स्थितीत लागतो.

प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त १० याप्रमाणे एका नेमबाजाला कमाल ६०० आणि संघाला कमाल १८०० गुण मिळू शकतात. नेमबाज आच्छादनाखाली उभा असला तरी गोळी लक्ष्यापर्यंत मोकळ्या जागेतून जात असल्याने वारा व प्रकाश यांतील बदल सतत लक्षात घ्यावे लागतात.

सांघिक गुणमोजणी

सांघिक स्पर्धेसाठी वेगळी फेरी घेतली जात नाही. वैयक्तिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत संघातील तिन्ही नेमबाजांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज हीच संघाची गुणसंख्या असते. तिघेही आपापल्या जागी स्वतंत्रपणे नेम धरतात. कोणी कोणाला मदत करू शकत नाही. तिघांपैकी सर्वांत कमी गुण वगळण्याची सोय नसल्यामुळे एकाची पडती बाजू इतर दोघांना भरून काढावी लागते.

वैयक्तिक अंतिम फेरीचा नियम वेगळा आहे. पात्रता फेरीतील पहिले आठ नेमबाज अंतिम फेरीत जातात; परंतु एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच नेमबाजांना प्रवेश मिळतो. म्हणजे ज्या फेरीत तिसऱ्या नेमबाजाचा प्रत्येक गुण संघासाठी मोलाचा असतो, त्याच फेरीच्या शेवटी त्याची वैयक्तिक वाटचाल थांबू शकते. हांगझोऊ येथे नेमके हेच घडले.

निकाल

सुवर्ण: भारत – १७६९ (विश्वविक्रम)
रौप्य: चीन – १७६३
कांस्य: दक्षिण कोरिया – १७४८

भारतीय नेमबाजांचे गुण

स्वप्नील कुसळे – ५९१
ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर – ५९१
अखिल शेओरान – ५८७

भारताने जुना विश्वविक्रम आठ गुणांनी मागे टाकला. १८० गोळ्यांमध्ये मिळून संघाने केवळ ३१ गुण गमावले. कुसळे व तोमर यांनी पात्रता फेरीत पहिले दोन क्रमांक मिळवले आणि ५९१ गुणांसह आशियाई स्पर्धेतील पात्रता फेरीचा विक्रमही नोंदवला.

चीनवरील आघाडी सहा गुणांची होती. शेओरान यांना सात गुण कमी मिळाले असते, तर सुवर्णपदक चीनकडे गेले असते. जुन्या विश्वविक्रमात प्रत्येक नेमबाजाची सरासरी ५८७ गुणांची होती. भारतीय संघातील सर्वांत कमी गुणसंख्याही नेमकी तेवढीच होती. शेओरान पात्रता फेरीत पाचव्या स्थानी होते. तथापि एका देशाच्या दोनच नेमबाजांच्या नियमामुळे त्यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले नाही.

वैयक्तिक अंतिम फेरी

त्याच दिवशी झालेल्या अंतिम फेरीत गुणमोजणी दशांशात करण्यात आली. कुसळे बराच काळ आघाडीवर होते. उत्तरार्धात उभ्या स्थितीतील त्यांची एक गोळी ७.६ गुणांवर गेली आणि ते ४३८.९ गुणांसह चौथ्या स्थानी राहिले. चीनच्या डू लिनशू यांनी ४६०.६ गुणांसह सुवर्णपदक पटकावले. तोमर यांना ४५९.७ गुणांसह रौप्यपदक मिळाले, तर चीनचेच तियान जियामिंग ४४८.३ गुणांसह कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

भारतीय संघ

स्वप्नील कुसळे यांचा जन्म ६ ऑगस्ट, १९९५ रोजी झाला. ते कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी गावचे असून मध्य रेल्वेच्या सेवेत आहेत. २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत चौथे स्थान मिळवून त्यांनी भारताला पॅरिस ऑलिंपिकमधील एक जागा मिळवून दिली होती.

ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हे मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यातले असून त्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्येही भारताचे प्रतिनिधित्व केले होते. हांगझोऊ येथे २५ सप्टेंबर रोजी १० मीटर एअर रायफलमध्ये १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक जिंकून देणाऱ्या संघातही ते होते. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील आणि दिव्यांश सिंह पन्वर हे त्या संघातील त्यांचे सहकारी होते.

अखिल शेओरान हे उत्तर प्रदेशातील बागपतचे होत. हांगझोऊ स्पर्धेच्या केवळ महिनाभर आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, बाकू येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी या प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि भारतासाठी पॅरिस ऑलिंपिकची दुसरी जागा निश्चित केली.

महत्त्व व पुढील घडामोडी

हांगझोऊ येथे भारताने नेमबाजीत ७ सुवर्ण, ९ रौप्य व ६ कांस्य अशी एकूण २२ पदके मिळवली. प्रस्तुत सुवर्णपदक त्यांपैकी एक होय.

ऑलिंपिकमध्ये तीन नेमबाजांची सांघिक स्पर्धा नाही आणि या प्रकारात एका देशाला अधिकाधिक दोनच जागा मिळतात. मिळवलेली जागा खेळाडूच्या नव्हे, तर देशाच्या नावे असते आणि भारतात तिच्यासाठी निवड चाचण्या घेतल्या जातात. या चाचण्यांनंतर पॅरिससाठी तोमर व कुसळे यांची निवड झाली. शेओरान यांना संधी मिळाली नाही. पॅरिस येथे तोमर पात्रता फेरीत ५८९ गुणांसह अकराव्या स्थानी राहिले. कुसळे ५९० गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले आणि १ ऑगस्ट, २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारातील भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांच्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे कुसळे हे महाराष्ट्राचे दुसरे खेळाडू ठरले. त्यांना २०२४ चा अर्जुन पुरस्कार आणि त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना त्याच वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला.