चार सह्या

रेडमंडला हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. मायक्रोसॉफ्टमुळे इथे आलेल्या आम्हा मराठी घरांत मग भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांबरोबर जुने चित्रपट लागतात. सासूबाईंबरोबर मी सत्येन बोस यांचा 'रात और दिन' (1967) पाहिला. दिवसा घरंदाज वरुणा, रात्री क्लबात नाचणारी पेगी, आणि दोघीही नर्गिसच. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे हिच्या अंगात येतं म्हणाले असते गं, नि देवऋष्याकडे नेलं असतं."

त्यांचं म्हणणं डॉक्टरांनाही पुढे विचारात घ्यावं लागलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013च्या निदानग्रंथात एकाच माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं वावरण्याच्या या विकाराच्या वर्णनात 'झपाटल्याचा अनुभव' आला. मात्र समाजानं मानलेल्या धार्मिक रीतीचा भाग म्हणून जे घडतं, त्याला आजार म्हणायचं नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. मला ही अट फार मोलाची वाटते. नवरात्रात घुमणारी प्रत्येक बाई रुग्ण नसते.

पण माझं मन अडकलं ते 'रात और दिन'च्या दहा वर्षं आधीच्या, याच विकारावरच्या हॉलिवूडपटात, 'द थ्री फेसेस ऑफ ईव्ह'मध्ये. जोॲन वुडवर्डला त्यासाठी ऑस्कर मिळालं. जॉर्जियातल्या थिगपेन आणि क्लेकली या डॉक्टरांनी आपल्या एका रुग्णाची हकिगत लिहिली होती, तिच्यावर तो बेतलेला. पडद्यावर शेवटी तिच्यातल्या तिघींपैकी एकच उरते आणि बाई बरी होते.

खरी बाई क्रिस कॉस्टनर साइझमोर. स्टुडिओनं करारावर तिची तिच्या नावानं सही घेतली, शिवाय ईव्ह व्हाइट, ईव्ह ब्लॅक आणि जेन यांच्याही नावांनी घेतली, पुढे कुणी हरकत घेऊ नये म्हणून. ज्या बाईला दुपारपर्यंत आपण कोण असू हे सांगता येत नव्हतं, तिच्याकडून आयुष्याचे हक्क लिहून घेतले! मला याचा अजून संताप येतो.

ती बरी झालेलीच नव्हती. वीसहून अधिक व्यक्तिमत्त्वं येत-जात राहिली, ती 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत. तेवढ्या काळात मुलं वाढवायची होती, घर चालवायचं होतं. तिनं 1977मध्ये स्वतःच्या नावानं पुस्तक लिहून हे सगळं उघड सांगितलं. नंतरच्या आत्मकथनावर अभिनेत्री सिसी स्पेसेकला चित्रपट करायचा होता. स्टुडिओनं जुना करार पुढे केला, क्रिसनं न्यू यॉर्कच्या कोर्टात दावा लावला आणि अखेर तडजोड झाली. तो चित्रपट मात्र झालाच नाही.

2016मध्ये वयाच्या 89व्या वर्षी ती गेली. त्याआधीची कितीतरी वर्षं ती चित्रं काढत होती आणि मानसिक आजारावर गावोगाव व्याख्यानं देत होती.