गोदाकाठची लघुनाट्ये

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठण क्षेत्री, सोळाव्या शतकात एकनाथांनी जी रूपकात्मक भारुडे रचली, ती या मुलखातील जत्रांत व कीर्तनांत साभिनय उभी राहत आली असल्याने, मनुष्याचे विकार आणि त्याची नियती दाखविणारी पद्यमय लघुनाट्ये म्हणूनच त्यांचा विचार व्हावयास हवा. विंचवाच्या भारुडात दंशाने तळमळणारा मनुष्य वस्तुतः काम-क्रोधांनी पोळलेला असतो. जोशी, वासुदेव, गोंधळी यांची सोंगे पाहता पाहता श्रोत्याच्याच अंतःकरणाला जाब विचारू लागतात.

या भारुडांशेजारी ठेवून पाहावीत अशी लघुनाट्ये रशियातही आहेत: १८३० च्या शरदात पटकीच्या साथीमुळे बोल्दिनो गावी अडकलेल्या रशियन कवी पुश्किनने चार लहान पद्यनाटके लिहिली, आणि त्यांत लोभ, मत्सर, काम व मृत्युच्छायेतील उन्माद हेच विषय आले. त्यांपैकी एका नाटकातील संगीतकार सालिएरीच्या मत्सरावर पुश्किन उतारा सुचवीत नाही. एकनाथ मात्र विंचवाच्या दंशावर सत्त्वगुणाचा अंगारा लावतात. पुश्किनची निष्ठुरता कलादृष्ट्या मोठी खरी, परंतु दिवसभर राबून आलेल्या श्रोत्याला दुखणे आणि औषध एकाच पदात देणे मला अधिक दुष्कर वाटते.

  

भारुडाची पदे छापली गेली आहेत, परंतु त्यांचा अभिनय कागदावर उतरत नाही; म्हणून ज्या वृद्ध कलावंतांच्या अंगी तो आहे, त्यांच्याकडून अभ्यासकांनी तो वेळीच टिपून घ्यावा, ही विनंती.